पेन्सिली संपतात, वह्या कोऱ्या

«काकू, सादर नमस्कार. माझा मोठा मुलगा चौथीत आहे, सेमी इंग्रजीला. दुसरीपर्यंत बरा होता, आता सगळ्याच विषयांत मागं पडलाय. तोंडी विचारलं की पटापट सांगतो, लिहायला बसवलं की काही नाही. फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो. सर म्हणतात लक्ष नाही, आणि घरात तेलुगू बोलता म्हणून मराठी कच्चं राहिलं. तेव्हापासून आम्ही त्याच्याशी तेलुगू बंद केलंय. दोन शिकवण्या लावल्या, एक सातशेची, एक पाचशेची. मी विड्या वळते, आमचे मालक टॉवेलच्या मागावर आहेत, त्यांना रात्रपाळी असते. तरी रोज रात्री दहापर्यंत मी त्याला घेऊन बसते. अक्षर घाण आलं की पान फाडून परत लिहायला लावते. पेन्सिलींचं तर विचारूच नका, दहाचं पाकीट आठ दिवस पुरत नाही, नुसता छिलत बसतो. धाकटी पहिलीत आहे, ती त्याच्याआधी वाचते. मालक म्हणतात आळशी आहे, एक वर्ष मागं बसवा म्हणजे अक्कल येईल. माझं काय कमी पडलं? – एक आई, अशोक चौक, सोलापूर»

तुझं काय कमी पडलं ते नंतर बघू. आधी पेन्सिलींचं बोलू.

तीन पानी पत्रात तू त्यांना एक ओळ दिलीस, तीही खर्चाच्या वैतागातून. मला मात्र तिथून पुढं सरकता येईना. हजार विड्यांचा हिशेब तोंडावर ठेवणारी बाई तू, हा हिशेब कसा नाही घातलास? आठ दिवसांत दहा पेन्सिली संपतात आणि वही अर्धी कोरी येते. मग पेन्सिल गेली कुठं? लिहिण्यात तर गेली नाही. शार्पनरमधून गेली.

आता जरा त्याच्या बाकावर जाऊन बस. सर फळ्यावर लिहायला लागले. शेजारचा पोरगा दुसऱ्या ओळीवर पोचला. तुझा मुलगा पहिल्या शब्दावर आहे. एक अक्षर बघायचं, मान खाली घालायची, वहीत काढायचं, परत मान वर केली की आपण कुठं होतो तेच सापडत नाही. मग तो दप्तरातून शार्पनर काढतो. टोक काढणाऱ्या मुलाला कुणी ओरडत नाही. मान खाली असते, हात चालू असतो, लाकडाचं सालपट गोल गोल निघत असतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं तयारी करतंय. टोक निघालं की ते हळूच बाकावर दाबून मोडायचं आणि परत काढायला घ्यायचं. तोवर सर फळा पुसतात. एक तास निभावला.

हे मला पत्र वाचून सुचलेलं नाही. सोलापुरातच एकवीस वर्षं शिकवलंय मी. माझ्या वर्गातल्या एका पोराचा फळा पुसायला कायम पहिला हात वर असायचा. खडू आणायला तो, हजेरीपट ऑफिसात द्यायला तो, पाण्याची घागर भरायला तोच. वाचनाच्या तासाला तर हमखास त्याला काहीतरी काम निघायचं. मी त्याला गुणी म्हणायचे. प्रगतिपुस्तकावर लिहिलंसुद्धा होतं, ‘मदतीस तत्पर’. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. बऱ्याच वर्षांनी नवी पेठेत एका बँकेत भेटला, चांगला सव्वीस-सत्तावीसचा बाप्या झालेला. पाया पडला. मग पैसे भरायची स्लिप माझ्यापुढं धरून म्हणाला, ‘‘बाई, चष्मा घरी राहिला, तेवढी भरून देता का?’’ नाकावर चष्म्याचा वळ नव्हता त्याच्या. कधीच नसणार. मी स्लिप भरली आणि काही बोलले नाही. त्याला पाच वर्षं रोज समोर बघितलं होतं मी.

म्हणून मुलाला आळशी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आळशी पोरगं काही न करता बसून राहतं. तुझा मुलगा दिवसभर राबतोय, पण अभ्यासावर नाही, आपल्याला येत नाही हे लपवण्यावर.

त्याला नेमकं काय आहे ते पत्रावरून मी सांगणार नाही, सांगू नयेही. पण तोंडी चोख आणि कागदावर शून्य, हे अंतर चौथीत इतकं मोठं असलं तर तपासायलाच हवं. कधी नजर कमी असते, कधी कानाला कमी येतं, आणि मूल स्वतःहून ते सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. आणि कधी अध्ययन अक्षमता असते, म्हणजे बुद्धी चांगली, पण अक्षर आणि आवाज यांची जोडी डोक्यात पक्की बसत नाही. आपली लिपीही काही सोपी नाही गं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि बोलताना नंतर. घ-ध, भ-म यांत फरक केवढासा! त्यावर जोडाक्षरं. पहिली-दुसरीत सगळीच मुलं इथं अडखळतात, म्हणून या अडचणीचं निदान साधारण आठ वर्षांनंतरच करतात. दुसरीपर्यंत तो ‘बरा होता’ म्हणतेस ना, तेव्हा धडे छोटे होते, चित्रं मोठी होती, पाठ करून भागत होतं. ज्याची स्मरणशक्ती चांगली ते मूल वाचता येत नसताना दोन वर्षं सहज काढतं. तिसरी-चौथीत धडे लांबतात आणि ते उघडं पडतं.

तेलुगूचं आधी निस्तर. आजपासून, आत्तापासून घरात परत तेलुगू बोलायला लाग. दोन भाषा बोलल्यानं कुणाचं वाचन अडत नाही. तसं असतं तर घरोघरी तेलुगू बोलणाऱ्या तुमच्या अख्ख्या पूर्व भागात कुणालाच वाचता आलं नसतं. आणि धाकटीही त्याच घरात वाढतेय ना? शाळेत त्याला मान वर करता येत नाही, आणि घरात तुम्ही त्याची तेवढी एक येणारी भाषाही काढून घेतलीत. आजी असतील घरात, तर त्यांच्याशी तो बोलतो तरी कशात आता?

मालकांचं ‘मागं बसवा’ सोडून दे. चौथीत शाळेला तसं करताच येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. २०२३ मध्ये आपल्या राज्यात नियम बदलला, तो पाचवी आणि आठवीपुरता. तिथं आता वार्षिक परीक्षा असते, नापास झालं तर एकदा परत संधी, तीही हुकली तर मूल त्याच वर्गात. म्हणजे तुझ्या मुलाची पाचवी तोंडावर आली आहे. आणि एक गोष्ट मालकांना रागावून नको, शेजारी बसून विचार, त्यांनी शाळा कितवीत सोडली आणि का. वाचनाची ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते, डॉक्टरही हेच विचारतील. कदाचित ‘आळशी’ हा शब्द त्यांनीही लहानपणी ऐकला असेल.

आता तुझ्याकडे वळते. तू राबतेस, पोटाला चिमटा घेऊन बाराशे रुपये भरतेस, सगळं खरं. पण पानं फाडतेस ते मला सोसलं नाही. कारखान्यात तुझ्या विड्या बघून चेकर मूठभर बाजूला टाकतो, तेव्हा तुला कसं होतं? विडीचं पानच खराब आलं होतं हे तुला माहीत असतं, तरी बोलता येत नाही, आणि मजुरी तुझीच कापली जाते. तुझ्या घरात रोज रात्री दहापर्यंत तुझा मुलगा त्या रांगेत उभा असतो आणि चेकर तू असतेस. जे पोराला जमतच नाही ते तिसऱ्यांदा लिहून जमणार नाही. शिकवणीतही तेच चौथ्यांदा होतं.

तेव्हा येत्या सोमवारी त्याची शाळा बुडव, तुझ्या विड्या बुडव आणि त्याला घेऊन सिव्हिलला जा. सकाळी लवकर पोच, केसपेपरला रांग असते. बालरोग विभागात दाखव आणि स्पष्ट सांग, ‘तोंडी येतं, लिहिता-वाचता येत नाही, डोळे, कान आणि अध्ययन अक्षमता, तिन्ही तपासून द्या.’ नुसतं ‘अभ्यास करत नाही’ म्हणालीस तर टॉनिक लिहून देतील. बरोबर त्याची वर्गातली वही ने, न फाडलेली. घरी तेलुगू बोलतो हेही सांग, म्हणजे त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं ते त्यांना कळेल. एका फेरीत होणार नाही. बुद्ध्यांकाची वेगळी चाचणी, वाचन-लेखनाची वेगळी, तीन-चार हेलपाटे पडतील. ते घाल. अध्ययन अक्षमता निघाली तर घाबरू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती मोडते, आणि प्रमाणपत्र असलं की दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. अक्षर-आवाजाची जोडी वेगळ्या पद्धतीनं शिकवणारे विशेष शिक्षक असतात, शिकवणीचे बाराशे तिकडं वळव.

जायच्या आदल्या रात्री त्याला सांग की तू चुकलास म्हणून नाही, आम्हाला कळलं नाही म्हणून चाललोय. तेलुगूत सांग.

आणि शार्पनर काढून घेऊ नकोस त्याचा. तपासणी होईपर्यंत वर्गात त्याला तेवढाच एक आधार आहे. पेन्सिलींचं अजून एक पाकीट आण.