आराखडा गावाचा, आरक्षण माझ्या शेतावर

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेचा विकास आराखडा सुधारला जाणार आहे. पुढच्या २० वर्षांत गावाला किती जागा लागेल हे ठरवतात कसं? आणि आम्ही बोलायचं केव्हा? – एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : हिशेब अवघड नाही. समजा गाव ४०,००० वस्तीचं आहे आणि दर दहा वर्षांना १५ टक्के वाढतं. २० वर्षांनी ते ५२,९०० होईल, म्हणजे १२,९०० माणसं जादा. रस्ते, शाळा, मैदानं धरून हेक्टरी १५० माणसं मानली, तर ८६ हेक्टर, म्हणजे साधारण २१२ एकर नवी जागा पुरते. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर पाणी रोज सुमारे १७ लाख ४० हजार लिटर वाढतं. नकाशाआधी सोबतच्या अहवालातले हे आकडे वाचा. गरजेच्या तिप्पट जमीन पिवळी, म्हणजे रहिवासी दाखवली असेल तर जरूर विचारा की पाइपलाइन कोण आणि कशातून टाकणार. वस्ती विखुरली की नळाला पाणी येत नाही, गटार अर्ध्यावर थांबतं आणि प्लॉटधारक नगरपरिषदेच्या नावानं शंख करत बसतात.

गाव कुठल्या अंगाला वाढवायचं, हा खरा कळीचा मुद्दा. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात रस्त्याकाठचे केळीचे मळे आधी पिवळे होतात, कारण तिथे भाव मिळतो. पण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. गावाच्या दुसऱ्या अंगाला बरड असेल, तर घरं तिकडे जाणं शेतीच्या आणि बांधणाऱ्याच्या, दोघांच्याही सोयीचं. हरकतीत हे जरूर लिहा.

आता वेळ. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आधी कलम २३ खाली इरादा जाहीर होतो, मग कलम २५ खाली सध्याच्या जमीनवापराचा नकाशा होतो. चुकांची सुरुवात बहुधा इथेच होते : विहीर, खळवाडी, जुनी वहिवाट मोकळी जागा म्हणून रंगवली जाते आणि पुढे तिच्यावरच आरक्षण, म्हणजे शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणं, बसतं. म्हणून सर्व्हे चालू असतानाच भेटा. कलम २६ खाली प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा राजपत्रात आला की हरकतीला ३० दिवस मिळतात. भाग नकाशा काढा, गट नंबर आणि आरक्षण क्रमांक लिहा, अर्जाची पोच घ्या. कलम २८ च्या नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ‘माझी जमीन वगळा’ एवढंच म्हणणाऱ्याचं तिथे फारसं चालत नाही. रस्त्याची दुसरी आखणी किंवा जवळची सरकारी जागा नकाशावर दाखवणाऱ्याचं ऐकलं जातं.

प्रश्न : आमच्या दीड एकरावर १२ वर्षांपासून खेळाच्या मैदानाचं आरक्षण आहे. नगरपरिषद घेतही नाही, सोडतही नाही. – एक वाचक, ता. शहादा

उत्तर : कलम १२७ तुमच्यासाठीच आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकी हक्काच्या कागदांसह नगरपरिषदेला ‘जमीन खरेदी करा’ अशी नोटीस देता येते. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही आणि त्याची पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. जुन्या माहितीवर ‘सहा महिने’ सांगणारे अजून भेटतात. ती मुदत बदलली आहे.

बहुतेक प्रकरणं तारखेवर फसतात. आराखडा पुष्कळदा तुकड्यांनी मंजूर होतो. तुमचा गट ‘वगळलेल्या भागात’, म्हणजे पहिल्या मंजुरीतून मागे ठेवलेल्या तुकड्यात, असेल तर १० वर्षं त्या भागाच्या मंजुरीनंतर तो अमलात आल्यापासून मोजायची. वेळेआधी दिलेली नोटीस वाया जाते. दुसरं, ‘जागा घेऊ’ असा नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात (२००७) ते स्पष्ट केलं आहे.

पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क घ्या, असा प्रस्ताव येईल. मोठ्या शहरात तो विकला जातो. जिथे दोन मजल्यांवर कोणी चढत नाही, तिथे गिऱ्हाईक आहे का हे आधी बघा. दोष तसा एकट्या नगरपरिषदेचाही नाही. ताब्यात घेण्याची ऐपत दहा जागांची असताना नकाशावर चाळीस आरक्षणं टाकली जातात. मग मैदानही होत नाही आणि शेतकऱ्याची जमीनही अडकते. थोडी, पण पैशांच्या तरतुदीसह केलेली आरक्षणं कधीही बरी.

प्रश्न : नदीकाठचा प्लॉट स्वस्त मिळतोय. घ्यावा का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात कुठवर आलं होतं, ते त्या गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा. मग पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवावं लागतं. तेवढा भराव आणि दगडकाम धरलं की स्वस्ताई बरीचशी संपते. निळ्या रेषेच्या आत असेल तर बयाणाही देऊ नका.

प्रश्न : दलाल म्हणतो, प्लॉट घेताना सात-बाऱ्यावर नाव लागलं की झालं. – एक वाचक, ता. साक्री

उत्तर : नाही. मंजूर ले-आउटची प्रत, झोन दाखला (आराखड्यात जमीन कुठल्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि ले-आउटमधला खुला भूखंड जागेवर खरंच मोकळा आहे का, हे तिन्ही बघा. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट, नियमित होण्याची आशा दाखवली तर तारीख विचारा : २००१ च्या कायद्यातली २०२१ ची सुधारणा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू आहे. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला तिचा आधार मिळत नाही.