पडद्यासमोरचा गप्प वर्ग

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे वर्गातील उपकरणांविषयी होती. त्यांतील पाच प्रश्न निवडून, थोडे संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : गावाच्या लोकवर्गणीतून आमच्या शाळेला मोठा टच पॅनेल मिळाला आहे. मी पाचवीला गणित शिकवते. अपूर्णांकांचा व्हिडिओ लावला की मुले तल्लीन होऊन पाहतात, ‘समजले का?’ असे विचारल्यावर एका सुरात ‘हो’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वहीत १/४ हा १/३ पेक्षा मोठा असे लिहितात. पूर्वी निदान चार मुले फळ्याजवळ येत असत. आता तीही येत नाहीत. पॅनेलचा उपयोग करावा तरी कसा? (एक शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर : ‘एका सुरात हो’ हे आपल्या पत्रातील शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. सगळ्या वर्गाचा होकार एकदम कानी पडतो तेव्हा त्यातून एकाही मुलाच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही. आणि व्हिडिओ तर कोणाचेही उत्तर ऐकण्यासाठी न थांबता पुढे जातो. म्हणून पुढच्या तासाला पहिली दहा मिनिटे पॅनेल बंदच ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

फळ्यावर ‘१/३ आणि १/४ : मोठा कोणता?’ एवढेच लिहावे. प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरावी आणि आपण सांगताच सर्वांनी ती एकदम वर करावी. या वेळी चित्र दाखवू नये, भाकरीचे उदाहरणही देऊ नये, कारण चित्र पुढे आले की चूक झाकली जाते आणि आपल्याला तर ती चूकच पाहायची आहे. चार ही संख्या तीनपेक्षा मोठी हे मूल पहिलीपासून शिकत आले आहे, तेव्हा १/४ मोठा असे त्याला वाटणे यात मला तरी अडाणीपणा दिसत नाही. जुने ज्ञान नव्या जागी लावून पाहण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न असतो. पाट्यांवर दोन्ही उत्तरे दिसली की बरोबर कोणते ते न सांगता मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू द्यावे, आणि मग पुन्हा पाट्या वर करायला सांगाव्यात. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून आपल्या व्याख्यानांत हीच रीत वापरली. साधारणपणे तीस ते सत्तर टक्के विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर असेल तेव्हा शेजाऱ्याशी चर्चा सर्वांत फलदायी ठरते, असा त्यांचा ठोकताळा आहे. बरोबर उत्तरे त्याहून कमी आली, तर मुलांजवळ बोलण्यासारखे पुरेसे काही नसते; तिथे आधी आधार द्यावा लागतो.

तो आधार आखीव वहीच्या कागदात तयारच असतो. वहीच्या पानावरून बारा ओळी लांबीची पट्टी प्रत्येकाला कापायला सांगावी. कोऱ्या कागदाची घडी घालून चार समान भाग सहज होतात, पण तीन समान भाग करताना मोठी माणसेही चुकतात आणि मुलाचा सारा तास त्या घडीतच जातो. ओळी असल्या की ही अडचण उरत नाही : बारा ओळींचे तीन भाग केले तर प्रत्येकी चार ओळी, चार भाग केले तर प्रत्येकी तीन ओळी. १/३ म्हणजे चार ओळी आणि १/४ म्हणजे तीन ओळी हे मूल बोटाने मोजते, आणि ‘भाग जास्त केले की प्रत्येक भाग लहान होतो’ हे वाक्य आपल्याला सांगावे न लागता कुणीतरी बोलून दाखवते. मग २/३ आणि ३/४ द्यावेत. आठ ओळी आणि नऊ ओळी. छेद समान करण्यासाठी बारा हीच संख्या का घ्यायची, याचे उत्तर मुलांच्या हातातच असते. पुढे समच्छेद अपूर्णांक शिकवताना या पट्टीची नुसती आठवण दिली तरी पुरते.

पॅनेल उघडायचा तो यानंतर. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ या प्रकल्पाच्या अनुकृती (पडद्यावर हाताळून पाहता येणारे प्रयोग) विनामूल्य आहेत, त्यांतील अनेक मराठीत आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्या की नेट नसतानाही चालतात. अपूर्णांकांच्या अनुकृतीत छेद वाढवला की तुकडे डोळ्यांदेखत बारीक होत जातात. मात्र बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक वेळी ‘आता काय होईल?’ असे विचारून उत्तर पाटीवर घ्यावे आणि मगच एखाद्या मुलाला पॅनेलजवळ बोलवावे. पाटीवर आधी लिहून ठेवलेले उत्तर असले की बाकीची मुले त्या एकाच्या बोटाकडे आपापल्या कारणाने पाहतात.

मराठी मुलाजवळ आणखी एक ठेवा आहे. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ केली होती; आता ते पाढे राहिले नाहीत, पण पाव किलो साखर आणि अर्धा लिटर दूध मुले रोज आणतात. अडचण एवढीच, की ‘पाव’ या शब्दात ‘चार’ ऐकू येत नाही, म्हणून दुकानातील पाव आणि पुस्तकातील १/४ ही एकच वस्तू आहे हे मुलाच्या ध्यानात येत नाही. फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहून ‘पाव मोठा की अर्धा?’ असे विचारून पाहावे.

या सगळ्याला दोन तास लागतील, कदाचित अडीच. पाठ्यक्रम मागे पडेल अशी धास्ती वाटणे साहजिक आहे, पण हाच घटक सहावी-सातवीत पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, तो वेळ कोणी मोजत नाही.

प्रश्न : प्रशिक्षणात ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द दिवसभर ऐकला. मुलाला मदत करणे यापेक्षा त्यात निराळे काय आहे? (एक शिक्षक, नगर जिल्हा)

उत्तर : इमारतीला गिलावा करताना बांबूंची जी परांची बांधतात, तिच्यावरून हा शब्द आला आहे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात तो शिकवण्याच्या संदर्भात मांडला. तीन, चार आणि पाच वर्षांच्या तीस मुलांना त्यांनी एकवीस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला होता आणि शिकवणारी व्यक्ती कोणत्या वयाच्या मुलाला कोणती मदत करते हे टिपले होते. तीन वर्षांच्या मुलांचे लक्ष कामावर आणण्यातच तिची पुष्कळ शक्ती खर्च होई. पाच वर्षांच्या मुलांना बहुतेक वेळा आपले जुळले की नाही याची खात्री तेवढी हवी असे. ठोकळे तेच होते, काम तेच होते, आणि मदत मात्र मुलागणिक बदलत होती. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे नाव या शब्दाशी नेहमी जोडले जाते. एकट्याने जमत नाही पण कोणाच्या साहाय्याने जमते, अशा कामांचा पट्टा ही कल्पना त्यांची आहे. शब्द त्यांचा नाही, ते १९३४ मध्येच निवर्तले होते.

साध्या मदतीहून फरक असा, की परांची बांधतानाच ती कधी उतरवायची हे ठरलेले असते. गिलावा झाल्यावरही बांबू तसेच राहिले तर त्या घराचे काम अडले आहे असेच आपण समजतो. वर्गात मात्र चौकटी आखून दिलेले निबंध, रिकाम्या जागांचे तक्ते आणि सोडवलेली पहिली पायरी वर्षभर तशीच राहते, आणि वार्षिक परीक्षेत ती एकदम काढून घेतली जाते. माझ्या मते टाचणवहीत प्रत्येक आधारासमोर ‘हा कधी काढणार?’ असा एक रकाना असावा. वरच्या उत्तरातील बारा ओळींची पट्टी घ्या : २/५ आणि ३/७ यांची तुलना करायला सांगितली की पट्टी आपोआप अपुरी पडते, पस्तीस ओळी कोणी कापत बसत नाही, आणि मूल वहीकडे वळते. आधार असा स्वतःहून गळून पडणारा असला तर उत्तमच.

जाता जाता एक आठवण. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर टीकेची झोड उठली. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलासाठी तो टेकू चांगला होता असे माझे मत आहे. टीका करणाऱ्यांनी आणि बाजू घेणाऱ्यांनी तो टेकू कायमचा आहे असेच गृहीत धरले. मूल तो केव्हा सोडील, यावर फारशी चर्चा झाली नाही.

प्रश्न : आमच्या द्विशिक्षकी शाळेत पॅनेल नाही, टॅबलेट नाहीत. माझा स्वतःचा एक फोन आहे, त्यालाही रेंज ओढ्यापलीकडे गेल्यावरच मिळते. आम्ही काय करावे? (एक शिक्षक, पाटण तालुका)

उत्तर : आपल्याजवळ पाट्या आहेत, म्हणजे पहिल्या उत्तरातील निम्मे काम आजच करता येईल. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर अ, ब, क, ड लिहून प्रत्येक मुलाला चार कार्डांचा संच द्यावा. शेजाऱ्याचे पाहून उत्तर बदलण्याची सवय असेल तर डोळे मिटून छातीशी बोटे दाखवायला सांगावीत. ‘प्लिकर्स’ नावाच्या ॲपमध्ये हीच युक्ती छापील कार्डांवर केलेली आहे : प्रत्येक मुलाचे कार्ड वेगळे असते, कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर ठरते, आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले त्याची नोंद होते. मुलांजवळ एकही उपकरण लागत नाही. पण ते ॲप नेटवर अवलंबून आहे, म्हणून आपल्या शाळेत त्याचा हट्ट धरू नये.

बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोडमधून उघडणारे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरील साहित्य मात्र रेंजमध्ये असताना उतरवून ठेवता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत असे कोड आणण्याच्या कामासाठी विशेष गाजला. तेव्हा साधन खेड्यातील शाळेतूनच आले आहे. उतरवलेला व्हिडिओ अख्खा न दाखवता दीड मिनिटावर थांबवावा आणि पुढे काय होईल ते मुलांना लिहायला सांगावे. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर मोठ्यांनी लिहिलेले कारण धाकट्यांना वाचून दाखवायला लावावे. समजले आहे की नाही, हे तिथे लगेच उघडे पडते.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. गणिताच्या ॲपवर तिला रोज पैकीच्या पैकी तारे मिळतात, पण शाळेच्या चाचणीत तीच उदाहरणे चुकतात. ती घाबरते का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : भीती असेलही, पण आधी तिच्या शेजारी पंधरा मिनिटे काही न बोलता बसावे आणि ती ‘सूचना’ (हिंट) हे बटण किती वेळा दाबते ते पाहावे. उत्तर पडद्यावर येईपर्यंत सूचना मागत राहायचे आणि मग ते भरून टाकायचे, ही सवय संगणकीय शिकवणीवर संशोधन करणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. मूल त्यात लबाडी करते असे नाही. तारा मिळवण्याचा जवळचा रस्ता तोच असतो. उपाय साधा आहे : उदाहरण आधी कागदावर सोडवायचे, ॲपमध्ये फक्त उत्तर पडताळायचे, आणि चुकले तर सूचना मागण्यापूर्वी कुठे चुकले असावे ते तिने आपल्याला तोंडी सांगायचे. पहिल्या आठवड्यात तारे कमी होतील. त्यावरून रागावू नये.

प्रश्न : धडगाव भागातील माझ्या वर्गातील मुले घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. मराठीत प्रश्न विचारला की खाली पाहतात. त्यांना बोलते करण्यासाठी फोनचा काही उपयोग होईल का? (एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : होईल, आणि तो ध्वनिमुद्रणापुरताच ठेवावा. दोघादोघांच्या जोडीने आधी पावरीत बोलून उत्तर ठरवावे. मग ‘मला असे वाटते की…’, ‘कारण मी पाहिले की…’ अशी दोन अर्धी वाक्ये फळ्यावर द्यावीत आणि ती पूर्ण करून फोनमध्ये बोलायला सांगावे. सगळ्या वर्गासमोर उभे राहण्यापेक्षा फोनजवळ तोंड नेऊन बोलणे पुष्कळ मुलांना सोपे जाते, आणि न आवडलेले वाक्य पुसून पुन्हा बोलता येते. पावरी शब्दाला पावरीच राहू द्यावे. मराठी शब्द त्याच्या शेजारी लिहून भिंतीवर लावावा. एका शाळेत मी पाहिले, की तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने फळ्यावरचे अर्धे वाक्य न वाचताच बोलायला सुरुवात केली आणि बाईंनी काही न बोलता ओल्या फडक्याने ते पुसून टाकले.