सुई लावली की गाठ पसरते?

"मॅडम, सुई लावली की गाठ पसरते म्हणतात, खरं का?"

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या रुग्णालयात स्तन तपासणीच्या ओपीडीला मी समुपदेशक आहे. सुई म्हणजे बायोप्सी, गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. हा प्रश्न मला मराठीत, तेलुगूत आणि कानडीतही विचारला जातो, आणि 'मला कॅन्सर आहे का' याच्याही आधी. उत्तर सरळ आहे: नाही पसरत. पण नुसतं एवढं ऐकून कुणी बाई सुईला तयार झाल्याचं मला आठवत नाही. म्हणून एका अक्कांबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अक्का 46 वर्षांच्या, विडी कामगार, कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या. स्वतःहून आल्या नव्हत्या. 30 वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाच्या कॅन्सरसाठी आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखासाठीही तपासणी करायचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात नर्सबाईंच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. "नुसत्या हातानं काय कळतंय?" असं घरच्यांचं म्हणणं. कळतं. मुंबईत 1998 पासून दीड लाखावर बायकांच्या अभ्यासात, त्यातल्या साधारण निम्म्यांवर, हेच करून पाहिलं गेलं. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. त्यातून कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडू लागले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

आमच्या डॉक्टरांनी तपासलं, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी झाली. गाठ अडीच सेंटिमीटरची, कडा वेड्यावाकड्या. सुईने तुकडा घेऊन तपासायला हवा, असं ठरलं, आणि अक्का उठून माझ्या खोलीत आल्या. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडलेली. बोलताना केसपेपरची कड दोन बोटांत धरून विडीसारखी वळत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा वळत होत्या.

"दुखत तर नाही की. कशाला उगं टोचून जागं करायचं? माझ्या जावेच्या बहिणीला टोचलं आणि गेलीच की ती."

अशा वेळी पेशी, अभ्यास, टक्के सांगून उपयोग नसतो. समोरचीने डोळ्यांनी मरण पाहिलेलं असतं, तिथं माझे टक्के कोण ऐकणार? मी त्या बहिणीचीच हकीकत विचारत गेले. गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली?

"गड्ड्याच्या जत्रेत. बांगड्या भरायला गेलतो तेव्हा म्हणाली मला."

म्हणजे संक्रांतीच्या सुमारास. दवाखान्यात गेली?

"नाही. लेप लावला. मग काखेत आली एक."

आणि सुई?

"नवरात्रात. तवर वरची कातडी फुटलीती."

रिपोर्ट आल्यावर औषध सुरू केलं?

"कुठलं? गावाकडं नेलं, झाडपाल्याला. पुढच्या गड्ड्याला ती नव्हती."

"अक्का, मग काखेतली गाठ सुईच्या आधी आली का नंतर?"

जरा वेळ गेला. "आधीच की," त्या म्हणाल्या.

माझ्या मते ही समजूत अशीच तयार होते. सुई लागते ती फार उशिरा, रिपोर्टनंतर उपचार होत नाहीत, आणि घरच्यांच्या लक्षात राहते ती फक्त सुई. इतके महिने लावलेल्या लेपाला कुणी बोल लावत नाही.

आता शंकेतला खरा भागही सांगायला हवा. सुई जाते त्या वाटेवर गाठीतल्या थोड्या पेशी सरकू शकतात. त्यातल्या बहुतेक तिथं टिकत नाहीत, आणि पुढे ऑपरेशन, रेडिएशन, औषधं होतातच. सुईने तपासलेल्या बायकांचं आयुष्य त्यामुळे कमी झाल्याचं दिसलेलं नाही. नुकसान होतं ते उलट्या वाटेने: निदान न करताच 'छोटी गाठ आहे, काढून टाकू' म्हणून कापली, की कडेला काही राहिलं का, आधी केमो द्यायला हवी होती का, हे सगळं मागाहून निस्तरावं लागतं. तुकड्याच्या तपासणीत गाठ कुठल्या प्रकारची, हार्मोनच्या गोळ्या चालतील का, हेही कळतं. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि तेही बऱ्याचदा याच सुईने पक्कं होतं.

सुईला अक्का तयार झाल्या, पण "आज नको" म्हणाल्या. इथं मला दुसरं कारण कळलं. विड्यांची पानं आणि तंबाखू घरी आलेली, सकाळी कारखान्यात माल द्यायचा, एक दिवस गेला की मजुरी गेली. पूर्वी आमच्याकडे तपासणी एका दिवशी, सोनोग्राफी दुसऱ्या, सुई तिसऱ्या. तीन खाडे. त्यात निम्म्या बायका मधेच गळायच्या आणि आम्ही 'बायका घाबरतात' म्हणायचो. आता ही ओपीडी दुपारी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालते, माल देऊन आलेली बाई त्याच दिवशी तिन्ही करून जाते. मॅमोग्राफीलाही बाईच असते, हे मी न विचारता सांगते, कारण विचारायला बायका लाजतात.

जागा बधिर केली, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई गेली, 'टक्' आवाज झाला. शेवयांच्या तुकड्यांएवढे बारीक नमुने निघाले. थोडा वेळ जागा दाबून धरली, पट्टी लावली आणि अक्का रिक्षाने घरी.

रिपोर्ट कॅन्सरचा आला. तो सांगताना मी अक्कांच्या यजमानांनाही बोलावलं होतं, अक्कांना विचारूनच. त्यांनी पहिल्यांदा खर्चाचं विचारलं, आणि त्यात काही वावगं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून केमो घ्यायची तरी हा रिपोर्ट लागतोच. केमो आमच्याकडे डे-केअरमध्ये देतात, सकाळी सलाईन लावून संध्याकाळी सोडतात. केमोच्या काळात तंबाखूच्या धुळीत बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यावरून मात्र घरात बरीच वादावादी झाली. अजून पुरती मिटलेली नाही. विड्या सध्या जाऊ वळते.

परवा सलाईन चालू असताना त्यांची 24 वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. "माझीपण मॅमोग्राफी करून टाका." मी नाही म्हणाले. या वयात स्तन घट्ट असतात, फिल्मवर नीट दिसत नाही. आईचं निदान 46 व्या वर्षी झालं, म्हणून हिने त्याच्या दहा वर्षं आधीपासून, म्हणजे साधारण 36 पासून मॅमोग्राफीचं डॉक्टरांशी बोलावं. तोवर डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्यायचं. काही वेगळं वाटलं, गाठ, ओढलेली बोंडशी, रक्ताळ स्राव, तर पाळी-बिळीचं निमित्त न सांगता लगेच यायचं, तेव्हा सोनोग्राफी करू. जनुकांची तपासणी करायची तर ती आधी आईची, आणि ते डॉक्टर ठरवतील.

"आणि सुई सांगितली तर?" तिने विचारलं.

"तर दुपारनंतर ये. सकाळी तुझं काम असतं ना?"