'मल्टिकास्ट'ला 'बहुप्रसारण' म्हणावं का?

कोथरूडच्या एका वाचकाने विचारलंय: घरातल्या लिनक्स गेटवेला (दोन नेटवर्कं जोडणाऱ्या यंत्राला) दोन इंटरफेस, म्हणजे नेटवर्कची दोन तोंडं आहेत. एकावर कॅमेऱ्याचं मल्टिकास्ट, म्हणजे मागणाऱ्या सगळ्यांसाठी एकदाच पाठवलेलं चित्र येतं, ते दुसऱ्यावर न्यायचं आहे. टिपणं मराठीत काढताना 'मल्टिकास्ट राउटिंग'ला 'बहुप्रसारण मार्गन' लिहू का?

मला 'बहुप्रसारण' पटत नाही. ब्रॉडकास्ट हा मुळात शेतातला शब्द, बी मुठीने विखरून टाकणं. रेडिओने तो नंतर उचलला. आपल्याकडे त्याला फोकणं म्हणतात. मेथी-कोथिंबीर फोकतात, भुईमूग टोकतात. ब्रॉडकास्ट (सरसकट सगळ्यांना पाठवणं) म्हणजे फोकणी आणि युनिकास्ट (एकालाच पाठवणं) म्हणजे टोकणी, इतकं हे चपखल बसतं! मल्टिकास्टला मात्र शेतात जोड सापडत नाही, कारण माती बी मागत नाही. इथे घेणाऱ्याने आधी मागावं लागतं. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ यांतला आयपी पत्ता एखाद्या यंत्राचा नसतो, गटाचा असतो. ज्याला हवं तो आयजीएमपीने (गटात सामील होण्याचा निरोप देण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) त्या गटात नाव घालतो.

'बहु' लावलं की वाटतं, पाठवणारा पुष्कळ प्रती धाडतो. घडतं उलट. तो एकच धाडतो. वाट जिथे फुटते तिथे राउटर प्रत काढतो, तीही त्या बाजूला मागणारा असेल तर. म्हणून 'गटप्रसारण' लिहा. बोलताना मल्टिकास्टच म्हणा, त्यात काही कमीपणा नाही.

'मार्गन' कोणाच्याच तोंडी नाही, आणि त्यातून अर्थही निसटतो. साधं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कुठे जायचंय एवढं पाहून पुढे जातं. गटाच्या पॅकेटला कर्नल (लिनक्सचा गाभा) 'कुठून आलास?' हेही विचारतो: त्याच्याकडच्या वाटांच्या नोंदीत आत येणारा इंटरफेस एक, बाहेर जाणारे कितीही. नुसतं आयपी फॉरवर्डिंग (साधी पॅकेटं पुढे धाडण्याची सोय) चालू करून हे पॅकेट हलत नाही ते यामुळेच. ती नोंद एसएमसीराउट किंवा पिमडीसारख्या प्रोग्रॅमला भरावी लागते. याला मी 'पुढे सोडणे' म्हणेन. नाक्यावर गाडी सोडतात, कालव्याला पाणी सोडतात; परवानगी आणि वाट, दोन्ही त्या क्रियापदात आहेत.

जाता जाता, टीटीएलला ('टाइम टू लिव्ह', पॅकेटवरचा प्रत्येक राउटरपाशी एकाने घटणारा आकडा) 'आयुर्मान' लिहू नका. तिथे वेळ मोजत नाहीत, टप्पे मोजतात. लिनक्समध्ये काही सांगितलं नाही तर मल्टिकास्टचा टीटीएल १ असतो, म्हणजे पॅकेट तुमच्या गेटवेवरच संपतं. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये एका बाजूला ओळी धावताना दिसतात, दुसरी बाजू कोरी. 'उरलेले टप्पे' असा शब्द लिहिलेला असला, तर हा दोष वाचतानाच कळतो.

तुमच्या टिपणातली ओळ मी अशी लिहीन: 'कॅमेऱ्याकडून आलेलं गटप्रसारण, उरलेले टप्पे एकापेक्षा जास्त असतील आणि पलीकडे कोणी मागितलं असेल, तर दुसऱ्या इंटरफेसवर सोडावं.'