चार कोटी अंकांची मूळ संख्या: तुमचे प्रश्न

ल्यूक ड्युरांटने ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या शोधली. ४,१०,२४,३२० अंक, जाहीर झाली तेव्हा माहीत असलेली सगळ्यात मोठी. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच उत्तरं देते.

यानंतर मूळ संख्या संपल्या का?
नाही. त्या अनंत आहेत, युक्लिडने कधीच सिद्ध केलंय.

शेवटचा अंक १ आहे, हे न लिहिता कसं कळतं?
२ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात. घातांकाला ४ ने भागा, बाकी १, म्हणजे घात २ वर संपतो, त्यातून १ गेला की १.

घातांक मूळ असला की उत्तरही मूळच येतं, असा फॉरवर्ड आलाय. खरंय?
साफ खोटं. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ लागतोच पण तेवढ्याने भागत नाही, लुकास-लेमर चाचणी करावी लागते: ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, मर्सेन संख्येने (म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेली, आपण तपासतोय तीच संख्या) भागून बाकी ठेवा, हे घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या वेळा करा, शेवटी बाकी शून्य आली तरच मूळ. ३१ साठी, म्हणजे २^५ − १ साठी, करून बघा: ४, १४, ८, ०. फॉरवर्ड करण्याआधी निदान कॉलेजातल्या गणिताच्या सरांना तरी विचारा.

एक विक्रेता म्हणतो, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या आहे, हॅक होणारच नाही. घेऊ का?
अजिबात नको! जी संख्या सगळ्या जगाला माहितीये ती गुपित कशी राहणार? आरएसए ही माहिती गुप्त ठेवायची पद्धत, तिच्यात दोन मूळ संख्यांचा गुणाकार 'पब्लिक की' म्हणून सगळ्यांना दिसतो. आरएसएची ताकद त्या दोन मूळ संख्या कुणालाच माहीत नसण्यात आहे, २०४८ बिटच्या कीला त्या साधारण ३०९ अंकी असतात आणि तेवढ्या पुरतात, पण त्या खरोखर रँडम निवडलेल्या हव्यात. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो पब्लिक की गोळा केल्या तर राउटर, फायरवॉलसारख्या बऱ्याच डिव्हाइसच्या कीमध्ये दुसऱ्या एखाद्या कीशी एक मूळ संख्या सामायिक निघाली, कारण सुरू होताना त्यांच्याकडे पुरेसा रँडमपणाच नव्हता. मग फोडायला काय लागतं? मसावि, शाळेतला! ९१ आणि ११९ चा मसावि ७, झाले दोन्हीचे अवयव, ७ × १३ आणि ७ × १७. म्हणून अंक किती ते विचारू नका, की कशी तयार होते ते विचारा. आणि जुनी १०२४ बिटची की "बघू पुढच्या वर्षी" म्हणून चालू ठेवलेले लोक बघितले की चीडच येते, अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) ती २०१३ नंतर बाद केलीये. पैसे देण्याआधी क्रिप्टोग्राफी शिकलेल्या माणसाला दाखवा, सेल्समनला नाही.

माझ्या लॅपटॉपवर अशी संख्या शोधता येईल?
येईल, जिम्प्सचं (सगळ्यांनी मिळून अशा मूळ संख्या शोधायचा प्रकल्प) सॉफ्टवेअर फुकट आहे. मशीन तापतं, एकेक चाचणी खूप वेळ चालते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीवाल्यांची परवानगी घ्या.