आधी टप, मग तंबू

कोथरूडहून एक वाचक विचारतात : आमची मध्यम आकाराची एसयूव्ही आहे, रूफ रेल कंपनीच्याच. गाडीच्या टपावर बसवायचा, ५८ किलोचा दोन माणसांचा तंबू पसंत केलाय. आम्हा नवरा-बायकोचं वजन मिळून १४५ किलो. रात्री टप दबणार नाही ना?

झोपताना सहसा नाही. उभ्या गाडीत वजन खांबांवरून सरळ खाली उतरतं, त्यामुळे टप चालत्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त भार सोसतो. कस लागतो तो ताम्हिणीच्या वळणांवर आणि खड्ड्यांत. तिथे हेच ५८ किलो टपाला आणि क्रॉसबारला (तंबू ज्यांवर बसतो त्या रेलवरच्या आडव्या दांड्यांना) हिसके देतात, आणि गाडीचा तोल वर सरकल्यामुळे वळणावर ती जास्त कलते. मॅन्युअलमध्ये 'रूफ लोड' म्हणून दिलेला आकडा सहसा या चालत्या गाडीसाठी असतो. बऱ्याच गाड्यांत तो ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान सापडेल. त्यात क्रॉसबारचे पाच-सहा किलो धरा, तंबूतच गुंडाळून ठेवलेली पांघरुणं धरा. तुमचा आकडा ७५ असेल तर हिशेब जेमतेम बसतो. ५० असेल तर हा तंबू तुमच्या गाडीसाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो.

दुसरी तपासणी रेलची. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांवरच्या रेल निव्वळ शोभेच्या असतात. प्लॅस्टिकच्या क्लिपांवर नाहीतर चिकटपट्टीवर बसवलेल्या. रेलवर भार टाकता येतो असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असेल तरच तिच्यावर विसंबा. गाडी, रेल आणि क्रॉसबार या तिघांचे आकडे कागदावर लिहा आणि सर्वांत लहान आकडा धरून चाला.

टपाला भोकं पाडून पट्ट्या बसवून देणारे भेटतील. कृपा करून तसं करू नका. भोकातून पाणी शिरतं, गंज धरतो. शिवाय नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) ५२व्या कलमात अडतात, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा लटकू शकतो.

तंबू बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरच्या आत सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पौडच्या पुढे चहाला थांबाल, तेव्हा पान्हा हातात घ्याच.

सिंहगड रोडवरून : हार्डशेल की सॉफ्टशेल? मुलं नऊ आणि सहा वर्षांची आहेत. गाडी स्कॉर्पिओ-एन.

चौघांना सॉफ्टशेल, म्हणजे कापडी घडीची. ती पुस्तकासारखी उलगडते आणि बंद असताना जेवढी जागा व्यापते तिच्या जवळपास दुप्पट पसरते. हार्डशेल, म्हणजे कडक कवचाची, मिनिटाभरात उघडते, वाऱ्यात फडफडत नाही, पण बहुतेक हार्डशेल दोघांसाठीच असतात. चौघांची सॉफ्टशेल ७० किलोंच्या आसपास जाऊ शकते, तेव्हा वरचा हिशेब तुम्हालाही लागू आहे.

एक गोष्ट मात्र तंबू घरी आणण्याआधी करा : सोसायटीच्या पार्किंगची उंची टेपने मोजा. तुमची गाडी १.८६ मीटर उंच. त्यावर क्रॉसबार आणि घडी केलेला तंबू धरला की सव्वादोन मीटर सहज होतात. स्लॅबखालून गेलेले पाइप विसरू नका.

चिंचवडहून : जुलैत मुळशीजवळ राहिलो. तंबू गळला नाही, तरी सकाळी गादी खालून ओली! दोन आठवड्यांनी उघडला तर काळे ठिपके. कापड खराब निघालं का?

कापडाचा दोष नाही. ते पाणी तुमच्याच श्वासाचं आणि घामाचं आहे. दोन माणसं रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ सोडतात. पावसात आपण खिडक्या गच्च लावून घेतो, बाहेर गारवा, तंबूचा तळ थंड, अंगाची ऊब गादीतून खाली जाते आणि वाफेचं पाणी होऊन तळावर साचतं. पहाटे गादीची कड उचलून बोट फिरवा, थंड थेंब हाताला लागतील.

उपाय दोन. समोरासमोरच्या दोन खिडक्या छताच्या झापेखाली चार-चार बोटं उघड्या ठेवा. थोडा गारठा सोसावा लागेल. आणि गादीखाली जाळीदार चटई घाला, म्हणजे गादी आणि तळ यांच्यामध्ये हवा खेळती राहते. पॉलीकॉटनचा, म्हणजे सूत-पॉलिएस्टर मिश्र कापडाचा, तंबू नवा असेल तर पहिल्या सहलीआधी पाइपने भिजवून पूर्ण वाळवा. शिवणीतला दोरा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात.

बुरशीचं कारण वेगळं : ओला तंबू मिटला. माझाही एक तंबू असाच गेला. सोमवारी कामावर जायचं म्हणून रविवारी रात्री तसाच मिटून ठेवला आणि पुढच्या शनिवारी उघडला तेव्हा शिवणीच्या कडेने मोहरीएवढे ठिपके ओळीने उमटलेले. ते डाग कधीच पूर्ण गेले नाहीत. पावसाळ्यात घरी पोचल्यावर चोवीस तासांच्या आत तंबू उघडा. ऊन नसलं तर पार्किंगमध्ये उघडून पंखा लावा. आत्ताच्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून मऊ ब्रशने घासा. ब्लीच लावाल तर कापडावरचा जलरोधक लेप जाईल.

वाघोलीहून : डिसेंबरात थंडी फार वाजते. झोपण्याआधी छोटी शेगडी आत घेतली तर?

नाही. पाच मिनिटंही नाही. कोळसा किंवा गॅस बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथे गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक असेच गेले, त्यांत लहान मुलंही होती. तंबूखाली इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच घातक. गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या, कानटोपी घाला.

धायरीहून : मे महिन्यात एखाद्या पठारावर मुक्काम करायचा आहे. आमचे ६८ वर्षांचे वडीलही येणार, त्यांचे गुडघे दुखतात.

मे म्हणजे वळवाचे दिवस. मोकळ्या पठारावर तुमची गाडीच सर्वांत उंच ठरते, तंबू उघडला की आणखी. ढग भरून गडगडाट सुरू झाला तर सगळ्यांनी खाली उतरून गाडीत बसायचं, काचा बंद. पत्र्याची बॉडी विजेपासून बऱ्यापैकी वाचवते, कापडाचा तंबू अजिबात नाही. त्यापेक्षा भोर किंवा पवना बाजूला एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधाजवळ, एकट्या झाडापासून दूर गाडी लावा. गावात ओळख झाली की पाणी मिळतं, रात्री मदतही मिळते. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नका.

गाडी सपाट लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. थोडा उतार उरलाच तर डोकी चढाच्या बाजूला.

वडिलांना वर चढवू नका. रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या माणसाला दवाने निसरडी झालेली शिडी धोक्याचीच. त्यांच्यासाठी गाडीतली मागची सीट पाडून जाड गादी घाला, आणि बाकीच्यांसाठी शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीला चकाकणारी पट्टी चिकटवा. अंधारात उतरताना पाय नेमका तीच पायरी चुकतो.