त्या मुलाचं नाव काय?

“मॅडम, दिसतं सगळं. पण ऐन वेळी तोंडच उघडत नाही. आणि मग रात्री झोप लागत नाही.”

समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हे इतक्या जणांकडून ऐकलंय की सुरुवात कानावर पडली की पुढचं मीच म्हणू शकेन. कोणाच्या ऑफिसात नव्या सहकाऱ्याच्या आडनावावरून कुजबुज झाली. कोणाच्या सासूबाईंनी कामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवलाय. कोणी भाडेकरूला ‘आडनाव काय?’ विचारून नंतर ‘फ्लॅट गेला हो’ असं सांगितलेलं ऐकलं. प्रसंग वेगळे, गाऱ्हाणं एकच: मी गप्प बसले.

त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय चाळिशीचं, बँकेत नोकरी, पुण्याच्या उपनगरात मोठी सोसायटी. एप्रिलमधल्या एका रविवारी सोसायटीचा सेप्टिक टँक तुंबला. कंत्राटदाराने दोघांना आणलं. त्यातला एक, जेमतेम विशीचा, कमरेला दोर बांधून आत उतरला. ना मास्क, ना हातमोजे. बाई तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत चहा पीत होत्या.

“मी काय केलं माहितीये? आत आले आणि दार लावून घेतलं. वास येत होता म्हणून.”

मुलगा वर आला, बागेच्या नळावर हातपाय धुतले, निघून गेला. तसं काहीच घडलं नाही. तरी दोन महिने या बाई रात्री तीनला टक्क जाग्या.

पहिल्या दोन भेटींत त्या स्वतःवरच तुटून पडत होत्या. “मी ढोंगी आहे. चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो स्टेटसला ठेवला होता मी. आणि त्याच महिन्यात हे.”

अशा वेळी ‘तुमची काय चूक?’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. उमेदवारीच्या काळात मीही ते केलंय. माणूस हलका होऊन घरी जातो, फीसुद्धा आनंदाने देतो. पण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसना मानणारी मी. घटनेपेक्षा त्या घटनेविषयी आपण मनात काय धरून बसलोय, हे शोधायचं माझं काम. म्हणून विचारलं, “तुम्ही एवढा त्रास करून घेता, त्याचा उपयोग कोणाला होतो?”

त्या चिडल्या. “म्हणजे वाईटही वाटून घेऊ नये मी?”

“घ्या की. मी फक्त उपयोग विचारला.”

तिसऱ्या भेटीत पुन्हा तेच वर्णन सुरू झालं: दोर, चहा, दार. मी मध्येच विचारलं, “त्या मुलाचं नाव काय?”

त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मी काही बोलले नाही. अशा शांततेत तोंड न घालणं मला फार उशिरा जमलं.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. मग हळूच, “नाव नाही, राहतो कुठे तेही नाही. परत आला होता का, नाही. दोन महिने मी फक्त माझ्याबद्दल बोलतेय ना?”

मलाही त्याच क्षणी काहीतरी उमगलं. अपराधीपणा हा या बाईंचा हप्ता होता. रोज रात्री तीनला तो भरायचा आणि कर्ज फिटत असल्याचं समाधान मिळवायचं. जागरण जितकं मोठं, तितकं आपलं मन जिवंत असल्याची खात्री पक्की! सद्सद्विवेकाची टोचणी म्हणतो ती ही नव्हे. ती टोचते तेव्हा माणूस आरशात बघत बसत नाही, बाल्कनीतून खाली बघतो. टाकीत उतरलेला मुलगा या सगळ्यात होता कुठे?

त्याच आठवड्यात त्यांनी वॉचमनकाकांना विचारलं. नाव कळलं. इथे लिहीत नाही, पण त्या आता त्याला नावाने ओळखतात.

मग बोलण्याची पाळी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी त्यांनी भलामोठा मजकूर लिहून आणला होता. भाषा सुंदर, निम्मा स्वतःच्या वेदनेवर. मी तो बाजूला ठेवायला लावला. ग्रुपवर सगळे एकमेकांकडे बघत गप्प राहतात. १९६८ मध्ये डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी एका खोलीत धूर सोडून हेच पाहिलं होतं: एकटा माणूस असेल तर चारांतले तीन जण उठून सांगायला गेले, शेजारी दोघं ढिम्म बसलेले असले की दहांतला एकच. म्हणून गर्दीत हाक मारू नका. ज्याच्या हातात सही आहे, त्या एका माणसाकडे जा, सोबत एकाला घेऊन. दोन वाक्यांत मागणी सांगा. आणि मुद्द्याची माहिती पक्की ठेवा.

ती त्यांनी काढली. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंत्राटदारामार्फत उतरवलं तरी तेच. असा मृत्यू झाला तर तीस लाख भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. आणि टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू फार झाला की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही.

“काका, पुढच्या वेळी सक्शन गाडी मागवू. माणूस उतरवायचा नाही.” सेक्रेटरी काका म्हणाले, खर्च वाढेल, कमिटीत बघू. एवढंच. आभाळ कोसळलं नाही, टाळ्याही पडल्या नाहीत.

नंतर तिघींनी खासगीत मेसेज केला: बरं झालं बोललात. बाई भडकल्या. “हे ग्रुपवर का नाही लिहिलं यांनी?” मला हसू आलं. “या तिघी म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच्या तुम्ही.”

एक मात्र सांगायला हवं. बोलणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याची रोजी त्या कंत्राटदाराच्या हातात आहे, त्याच्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणायचा अधिकार पगारदार माणसाला नाही. आपल्याला फार तर चार दिवस लिफ्टमध्ये कोणी हसून बोलणार नाही. आणि जगातला प्रत्येक अन्याय आपल्याच अंगावर घेऊ नये. हात पोचेल असा एक धरावा. माझ्या स्वतःच्या इमारतीत ‘कामगारांनी मागची लिफ्ट वापरावी’ ही पाटी कित्येक वर्षं होती. रोज तिच्याखालून जाऊन मी इथे लोकांना धीर देत होते. या बाईंनंतर मी ती काढायला सांगितली. माझ्याही तोंडाला कोरड पडली होती.

झोप सुधारली का, असं मी गेल्या भेटीत विचारलं. “पूर्ण नाही,” त्या म्हणाल्या, “पण आता जाग आली की हिशेब करते. गाडीचे किती, घरटी किती.” मग डायरी काढून पुढची वेळ बदलून मागितली. त्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती.